नागपुरात थेरपी सुरू करताय? पहिल्या फोनपासून पुढचं सगळं

थेरपीला जायचं म्हटल्यावर माणसं दोन ठिकाणी अडतात. एकदा फोन करण्याआधी, कारण कोणाकडे जायचं आणि काय बोलायचं हेच कळत नाही. आणि दुसऱ्यांदा दोन-तीन सेशन झाल्यावर. ‘नुसतं बोलणंच तर आहे, यात काय होणार’ असं वाटतं आणि पुढची अपॉइंटमेंट राहून जाते. खासगी थेरपिस्टकडे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी ही दोन्ही ठिकाणं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. एक गोष्ट पुढे वारंवार येईल, म्हणून आत्ताच सांगतो: त्या खोलीत जे बोलायचा संकोच वाटतो, ते तिथेच बोलायचं असतं. त्यात फी आली, वेळ आली आणि ‘मॅडम, तुमचं कालचं बोलणं मला लागलं’ हेही आलं.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. जीव द्यायचे विचार येत असतील, त्यासाठी काही ठरवलं असेल किंवा घरातल्या कोणाबद्दल तशी शंका असेल, तर खासगी अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा चोवीस तास चालते. नंबर १४४१६ आणि बोलणं मराठीत होतं. धोका समोर दिसत असेल तर मेडिकल, मेयो (नागपुरातली दोन मोठी सरकारी हॉस्पिटलं) किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. आठवड्यातून एकदा भेटणारे थेरपिस्ट कितीही चांगले असले तरी ती तातडीची सेवा नाही.

पाट्या वाचायला शिका

धंतोली-रामदासपेठेतून एक चक्कर मारली तरी पाट्यांवर इतकी बिरुदं दिसतात की माणूस भांबावतो. मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक, लाइफ कोच, हिप्नोथेरपिस्ट. यातले पहिले तीन ओळखता आले की काम भागतं.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट. एमबीबीएस झाल्यावर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. औषधं लिहून देणं हे यांचं काम. काही जण थेरपीही करतात, पण गर्दीच्या ओपीडीत एका माणसाला तासभर देणं त्यांना सहसा जमत नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत. मानसिक चाचण्या आणि थेरपी हे त्यांचं क्षेत्र. मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी केल्यावर दोन वर्षांचा, हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष कामासह असलेला एम.फिल. हा यांचा आजवरचा नेहमीचा मार्ग. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. १९९२च्या कायद्याने ही परिषद चालते आणि तिच्या वेबसाइटवर नोंदणी तपासता येते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. ज्यांच्याकडे तो असतो ते लगेच सांगतात.

समुपदेशकांचं प्रकरण थोडं गुंतागुंतीचं आहे. एमए करून, वर्षानुवर्षं अनुभवी लोकांच्या देखरेखीखाली शिकून उत्तम काम करणारे समुपदेशक नागपुरात आहेत. शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावणारेही आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी जशी एका ठिकाणी पाहता येते, तशी सोय यांच्या बाबतीत नाही. म्हणून इथे दोन प्रश्न विचारायचेच: शिक्षण कुठे आणि किती वर्षांचं? आणि तुमच्या केसेसबद्दल तुम्ही कोणा वरिष्ठांशी चर्चा करता का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. याला सुपरव्हिजन म्हणतात आणि चांगले थेरपिस्ट ती स्वतःहून घेतात.

नावामागे ‘डॉ.’ दिसलं म्हणून एमबीबीएस समजू नका. मानसशास्त्रात पीएच.डी. केलेलेही ‘डॉ.’ लावतात आणि ते योग्यच आहे.

पहिलं पाऊल कोणाकडे टाकायचं याचा साधा हिशोब असा. कानात आवाज येणं, कोणीतरी मागावर आहे असं ठामपणे वाटणं, कित्येक रात्री झोप नसूनही अंगात प्रचंड जोर असणं, खाणंपिणं सुटणं, दारू बंद केल्यावर हातपाय थरथरणं. यातलं काही असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. सततची चिंता, उदासी, नात्यांतली ओढाताण, जवळच्या माणसाचा मृत्यू, परीक्षेची किंवा नोकरीची धास्ती यासाठी थेट थेरपिस्टकडे जायला हरकत नाही. गरज वाटली तर तेच पुढे पाठवतात. आणि बरेच दिवस थकवा, वजनात फरक, धडधड असं चाललं असेल तर नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड बिघडलं की माणूस उदास किंवा अस्वस्थ दिसतो आणि घरचे त्याला ‘टेन्शन’ म्हणत बसतात.

ओळखीतलं नको

नागपूर वाढलं, मेट्रो आली, तरी दोन माणसांपलीकडे कोणीतरी ओळखीचं निघतंच. म्हणून नाव सुचवायला ओळखीचा उपयोग करा, पण थेरपिस्ट स्वतः ओळखीतले नकोत. वहिनींची मैत्रीण, कॉलेजातल्या मॅडम, नवऱ्याच्या सहकाऱ्याची बायको यांच्याकडे जाऊ नका. जाणती व्यक्ती असेल तर ती स्वतःच नाही म्हणेल आणि दुसरं नाव देईल.

बाहेर बसलेले असताना कॉलनीतल्या काकू समोर आल्या तर? होऊ शकतं. पण त्याही तिथे काही भाजी घ्यायला आलेल्या नसतात. अनेक थेरपिस्ट दोन अपॉइंटमेंटमध्ये थोडं अंतर ठेवतात. फोनवरच विचारून घ्या. थेरपिस्ट पुढे कधी बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) किंवा लग्नात दिसले आणि त्यांनी ओळख दाखवली नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही आधी हसल्याशिवाय ते बोलत नाहीत, तुमच्यासोबत कोण आहे हे त्यांना माहीत नसतं.

फोन, किंवा खरं तर व्हॉट्सअॅप

सेशन चालू असताना थेरपिस्ट फोन उचलत नाहीत, त्यामुळे मेसेज बरा. आख्खी कहाणी लिहू नका. एवढं पुरे:

‘नमस्कार. माझं वय ३४, नोकरी करतो. काही महिन्यांपासून झोप आणि चिंतेचा त्रास आहे. पहिल्यांदाच थेरपी घेणार आहे. आपल्याकडे वेळ आहे का? फी, सेशनचा कालावधी आणि शिक्षण-नोंदणी कळवाल का? सेशन मराठीत झालेलं आवडेल.’

भाषेचा मुद्दा मुद्दाम घातला आहे. नागपुरात आपण दुकानात हिंदी, ऑफिसात इंग्रजी आणि घरी मराठी बोलतो, आणि घरचीही कोणाची पुण्यासारखी तर कोणाची पक्की वऱ्हाडी. राग आणि रडू मात्र घरच्याच भाषेत येतं. ‘आईनं मले कधी जवळ घेतलं नाही’ हे वाक्य शुद्ध करून सांगायच्या नादात त्यातला अर्धा जीव जातो. तुम्ही जसे बोलता तसं समोरच्याला कळेल ना, हे आधीच पाहा.

फोन झालाच तर आणखी तीन गोष्टी विचारा. माझ्यासारख्या त्रासावर आपण काम केलं आहे का? ऐनवेळी रद्द केलं तर काय? दोन सेशनच्या मध्ये मेसेज केला तर चालतो का, आणि उत्तर कधी मिळतं? उत्तरं गोलमोल आली किंवा विचारल्याचाच राग आला, तर दुसरा नंबर लावा.

वेळ ठरवताना उन्हाचा विचार करा. मे महिन्यात दुपारी एक ते चारची अपॉइंटमेंट घेऊन ४४-४५ डिग्रीतून गाडीवर गेलात, तर पहिली पंधरा मिनिटं पाणी पिण्यात आणि घाम पुसण्यात जातील. सकाळची किंवा संध्याकाळची वेळ मागा. धंतोलीत पार्किंग मिळवणं हा वेगळा मानसिक ताण आहे. काँग्रेसनगर किंवा सीताबर्डीपर्यंत मेट्रोने जाऊन पुढे चालत किंवा ऑटोने गेलेलं परवडतं.

पैशाचं आधी बोला

शहरात फी एकसारखी नाही. अनुभव, शिक्षण आणि जागा यावर ती ठरते. महत्त्वाचं एवढंच की एका सेशनची फी पाहून निर्णय घेऊ नका, महिन्याचा हिशोब करा. समजा सेशनला हजार रुपये पडतात आणि आठवड्याला एक सेशन आहे. म्हणजे महिन्याला चार हजार आणि तीन महिन्यांचे बारा-तेरा हजार. एवढं झेपतं का? नसेल झेपत तर पहिल्याच भेटीत सांगा: ‘मॅडम, मला महिन्याला दोन हजारांच्या वर जमणार नाही. काय करता येईल?’ अनेक थेरपिस्ट काही जणांसाठी फी कमी ठेवतात, काही पंधरा दिवसांनी बोलावतात, काही कमी फीच्या ठिकाणी पाठवतात. न सांगता तिसऱ्या सेशननंतर गायब होण्यापेक्षा हे बरं. एकदम दहा सेशनचं पॅकेज आगाऊ भरायचा आग्रह झाला तर नाही म्हणा. पहिल्या भेटीत कोणालाच माहीत नसतं की तुमचं जमणार आहे का.

चोवीस तास आधी न कळवता रद्द केलं तर पूर्ण किंवा अर्धी फी घ्यायची पद्धत सर्रास आहे. हे लुबाडणं नव्हे. तो तास तुमच्यासाठी राखलेला असतो आणि ऐनवेळी दुसऱ्याला देता येत नाही.

विम्याबद्दल गैरसमज खूप आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सांगतो की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं. पण आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी हॉस्पिटलात भरती झाल्यावर पैसे देणाऱ्या असतात. बाहेरून घेतलेल्या थेरपीचे पैसे मिळायचे तर पॉलिसीत ओपीडीचा भाग असावा लागतो. मोठ्या कंपनीत नोकरी असेल तर एचआरला विचारा. काही ठिकाणी कर्मचाऱ्यांसाठी काही सेशन मोफत असतात आणि कोणी घेतली हे कंपनीला कळवलं जात नाही.

खासगी अजिबातच झेपत नसेल तर मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स इथे मनोविकार विभाग आहेत. तिथे थांबावं लागतं, पण खर्च फार कमी.

घरी सांगायचं का?

तुम्ही अठरा वर्षांचे आहात तर कोणाची परवानगी लागत नाही. नवऱ्याची नाही, सासूबाईंची नाही, वडिलांचीही नाही. अठराच्या आतल्या मुलांसाठी मात्र पालकांची संमती लागते.

पण कायदा एक आणि एकत्र कुटुंबातला संध्याकाळचा चहा एक. आठवड्यातून एकदा तास-दीड तास कुठे जाता, हा प्रश्न येणारच. ज्या शहरात प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ‘पागलखाना चौक’ म्हटलं, तिथल्या आजीने ‘काहून? तुले का झालं बाप्पा?’ असं घाबरून विचारलं तर त्यात नवल नाही. माझं मत: एका माणसाला खरं सांगा, सगळ्यांना सांगायची गरज नाही. आणि सांगताना आजाराचं नाव न घेता त्रासाचं आणि उपायाचं नाव घ्या. ‘झोप येत नाही, चिडचिड होते, त्यासाठी एका तज्ज्ञांकडे जातोय, आठवड्याला एक तास.’ एवढ्यावर बहुतेक घरांत विषय मिटतो. ‘आमच्याशी बोल ना, बाहेरच्याला कशाला सांगायचं?’ असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका. घरच्या माणसाला तुमच्या निर्णयात हितसंबंध असतो आणि बाहेरच्याला नसतो, हाच तर बाहेरच्याचा उपयोग आहे. हे त्यांना पटवून द्यायलाच हवं असं नाही.

जाण्याआधीचं घरचं काम

एका कागदावर चार ओळी लिहा: त्रास काय, कधीपासून, कशाने वाढतो, आणि बरं झालं तर आयुष्यात नेमकं काय वेगळं दिसेल. चौथी ओळ सर्वांत अवघड. ‘आनंदी व्हायचंय’ असं लिहू नका. ‘रविवारी संध्याकाळी सोमवारच्या ऑफिसच्या विचाराने पोटात गोळा येऊ नये’ असं लिहा. चालू औषधांची नावं, जुने रिपोर्ट आणि आधी कुठे उपचार घेतले असतील तर ते कागदही घ्या. दहा मिनिटं आधी पोहोचा, फॉर्म भरायचा असतो.

पहिलं सेशन

साधारण ४५ ते ६० मिनिटं. पहिलं थोडं लांबू शकतं.

सुरुवातीला संमतीपत्र येईल: फी, वेळ, गोपनीयता, रद्द करण्याचे नियम. सही करण्याआधी वाचा, आणि कळलं नाही तर विचारा. मग प्रश्न सुरू होतील आणि ते तुम्हाला वाटतात त्याहून जास्त असतील. झोप, भूक, काम, घरात कोण कोण, लग्न, लहानपण, आजारपणं, घराण्यात कोणाला असा त्रास होता का. व्यसनाबद्दल विचारतील तेव्हा खरं सांगा. ‘खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) तसा खातो, पण व्यसन नाही’ हे उत्तर नागपुरात थेरपिस्टने शेकडो वेळा ऐकलेलं असणार. दिवसाला किती आणि पहिला किती वाजता, हेच सांगून टाका. तुम्हाला कोणी रागावणार नाही. तंबाखू आणि दारू यांचा झोपेशी आणि चिंतेशी थेट संबंध आहे, म्हणून विचारतात.

जीव द्यावासा वाटतो का, हेही विचारतील. ऐकून दचकू नका. तुम्ही तसे दिसता म्हणून नाही, तो प्रश्न सगळ्यांनाच विचारतात. विचारल्याने तसा विचार डोक्यात येत नाही. उलट कित्येकांना पहिल्यांदाच तो मोठ्याने बोलता येतो. ‘कधीकधी वाटतं, करणार नाही’ असं असेल तर तेवढंच सांगा. असं म्हटल्याबरोबर कोणी तुम्हाला भरती करत नाही.

काही जण प्रश्नावल्या देतील. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही सर्रास वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, गुण ० ते २७. चिंतेसाठी जीएडी-७. यात पास-नापास नसतं आणि एवढ्यावरून निदानही होत नाही. याचा खरा उपयोग दोन महिन्यांनी होतो. तीच प्रश्नावली पुन्हा भरली की सुधारणा होते आहे का, हे नुसत्या भावनेवर न राहता आकड्यात दिसतं.

पहिल्या भेटीत जे बहुधा मिळणार नाही, ते म्हणजे उपाय. इथेच बरेच जण हिरमुसून बाहेर पडतात. आपल्याला डॉक्टरकडे चिठ्ठी मिळायची आणि वडीलधाऱ्यांकडे उपदेश मिळायची सवय. थेरपिस्ट पहिल्या तासात दोन्ही देत नाहीत, कारण त्यांना अजून तुमचं आयुष्य नीट माहीत नसतं. नवऱ्याला सोडू का, नोकरी सोडू का, अशा प्रश्नांची सरळ उत्तरं तर नंतरही मिळत नाहीत. तुम्ही निर्णय कसा घेता आणि कशाला घाबरता यावर काम होतं, निर्णय तुमचाच राहतो.

रडू आलं तर येऊ द्या, टेबलावर टिश्यूचा डबा त्यासाठीच असतो. काहीच बोलता आलं नाही तर तेही चालतं. ‘कुठून सुरू करू कळत नाहीये’ ही उत्तम सुरुवात आहे. शेवटी मात्र एक प्रश्न तुम्ही विचारायचा: ‘तुम्हाला काय वाटतं, आपण कशावर आणि कशा पद्धतीने काम करू, आणि अंदाजे किती सेशन?’ नेमका आकडा कोणी देणार नाही, पण दिशा सांगता आली पाहिजे. सीबीटीसारख्या (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणाऱ्या) ठरावीक पद्धतीला साधारण बारा ते वीस सेशन लागतात. लहानपणापासूनच्या जखमांना जास्त.

घरी परतल्यावर त्या दिवशी थकवा येऊ शकतो, किंवा ‘उगाच एवढं बोललो’ असं वाटू शकतं. शक्य असेल तर सेशननंतर लगेच मीटिंग ठेवू नका. अर्धा तास अंबाझरीकडे जाऊन बसा.

मी सांगितलेलं कुठे जातं?

कायद्याने तुमच्याजवळ राहतं. २०१७च्या कायद्यातलं कलम २३ मानसिक आजाराबाबतची माहिती गोपनीय राखण्याचा हक्क देतं. तुमच्या आईने क्लिनिकला फोन करून ‘काय म्हणाली हो ती?’ विचारलं तर उत्तर मिळता कामा नये, फी आई भरत असली तरी.

अपवाद आहेत आणि ते पहिल्या सेशनमध्येच समजून घ्या. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर, न्यायालयाने आदेश दिला तर, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गोष्टीची खबर देणं बंधनकारक आहे. जोडप्याने एकत्र थेरपी घेताना आणखी एक विचारा: मी एकट्याने सांगितलेली गोष्ट जोडीदारापासून लपवली जाईल का? प्रत्येक थेरपिस्टचा याबाबतचा नियम वेगळा असतो. आधी कळलेला बरा.

दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत

थेरपी इथे घडते, आणि सुटतेही इथेच.

पद्धत कोणती, यावर काम कसं चालेल ते ठरतं. महाराष्ट्रात आरईबीटी, म्हणजे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती, कि. मो. फडके यांच्या प्रयत्नांमुळे चांगलीच रुजली आहे. मराठी थेरपिस्टकडे ती भेटण्याची शक्यता बरीच. ‘सगळ्यांनी मला चांगलंच म्हटलं पाहिजे’ अशा हट्टी समजुती शोधायच्या आणि त्यांच्याशी वाद घालायचा, हा तिचा गाभा. सीबीटी तिच्याच जवळची. दुसरीकडे, सायकोडायनॅमिक पद्धतीत जुनी नाती आज कशी डोकं वर काढतात ते पाहतात. ती संथ चालते आणि तिथे गृहपाठ सहसा नसतो.

सीबीटी-आरईबीटीत मात्र गृहपाठ असतो आणि तो केला नाही तर पैसे वाया जातात. विचारांची वही, झोपेची नोंद, टाळलेल्या गोष्टीला थोडं थोडं सामोरं जाणं. गर्दीत श्वास कोंडून घाबरा होणाऱ्या माणसाचं उदाहरण घेऊ. पहिल्या आठवड्यात सीताबर्डी स्टेशनवर जाऊन नुसतं दहा मिनिटं थांबायचं. मग झाशी राणी चौकापर्यंत एकच स्टेशन, सोबत कोणीतरी. मग तेवढंच एकट्याने. मग सुभाषनगर. शेवटी संध्याकाळच्या गर्दीत थेट लोकमान्यनगर. प्रत्येक पायरीवर भीती वाढते आणि, पळून न गेल्यास, आपोआप उतरते. ही उतरण्याची प्रक्रिया शरीराला अनुभवायला देणं हाच उपचार असतो. म्हणून ‘भीती वाटली’ हे अपयश नाही. भीती वाटायच्या आधीच खाली उतरलात, तर सरावच झाला नाही.

गृहपाठ झाला नाही तर? सांगा. शाळेसारखं आदल्या रात्री खोटं भरून नेऊ नका. का झाला नाही, या प्रश्नातून पुष्कळदा मुख्य मुद्दा बाहेर येतो.

तिसऱ्या-चौथ्या सेशनच्या आसपास आधीपेक्षा वाईट वाटू शकतं. दाबून ठेवलेलं वर आलेलं असतं. काही दिवस असं वाटणं चालतं. पण आठवडेच्या आठवडे खालीच जात असाल, झोप-जेवण बिघडत असेल, तर ‘असंच असतं’ म्हणून सोसू नका. पुढच्या सेशनची वाट न पाहता कळवा.

आणि थेरपिस्टचा राग येईल. त्या उशिरा आल्या, तुमच्या बहिणीचं नाव विसरल्या, किंवा तुमच्या सासूची बाजू घेतल्यासारखं वाटलं. आपली सवय अशी की मोठ्या माणसाला तोंडावर बोलायचं नाही. हसायचं, ‘हो मॅडम’ म्हणायचं आणि पुन्हा फिरकायचं नाही. इथे उलट करा. ‘मागच्या वेळी तुम्ही जे म्हणालात ते मला आवडलं नाही’ हे म्हणून पाहा. चांगले थेरपिस्ट बचाव न करता विचारतील, नेमकं काय लागलं? थेरपिस्ट आणि तुमच्यातलं नातं कसं आहे यावर थेरपीचा परिणाम बराच अवलंबून असतो, हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ते नातं असल्या बोलण्यांतूनच पक्कं होतं. बाहेर ज्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही, त्यांचा पहिला ‘नाही’ बहुधा याच खोलीत निघतो.

कधी बदलायचं, कधी पळायचं

तीन-चार सेशननंतरही मोकळं वाटत नसेल, कामाला दिशा दिसत नसेल आणि सांगूनही फरक पडला नसेल, तर बदला. निरोपाचं एक सेशन घ्या किंवा साधा मेसेज करा, आणि दुसरं नाव मागा. यात कोणाचा अपमान नाही.

पण पुढचं काही दिसलं तर चर्चा करत बसू नका, निघा. खात्रीशीर बरं करण्याची हमी. डॉक्टर नसताना औषधं देणं, किंवा डॉक्टरांनी दिलेली औषधं बंद करायला सांगणं. पत्रिका, गंडेदोरे, मागच्या जन्माची कर्मं. दुसऱ्या क्लायंटच्या गोष्टी नावागावासकट सांगणं. कोणत्याही प्रकारचा लैंगिक स्पर्श किंवा बोलणं. तुमच्याशी धंद्याचा व्यवहार. जात, धर्म किंवा लैंगिकता यावरून हिणवणं. समलिंगी व्यक्तीला ‘बदलून देतो’ म्हणणारा तर थेट धोका आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असल्या तथाकथित उपचाराला डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

औषधं सुचवली तर

थेरपी फसली असा त्याचा अर्थ नाही. नैराश्य इतकं असेल की सकाळी अंथरुणातून उठवत नाही, तर वहीत विचार कुठून लिहिणार? औषधांनी तेवढं बळ येतं आणि थेरपीला जागा मिळते. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच स्वतःहून बंद करू नका, त्रास उलटतो. मानसोपचारतज्ज्ञ आणि थेरपिस्ट दोघांनी एकमेकांशी बोलावं यासाठी तुमची परवानगी लागते. ती लेखी देऊन टाका.

ऑनलाइन

चिंता, सौम्य ते मध्यम नैराश्य, नात्यांचे प्रश्न यासाठी व्हिडिओवरची थेरपी चांगली चालते. उमरेड-काटोलहून येणाऱ्यांचा तर दिवस वाचतो. अडचण एकच: घरात दार लावून बसायची जागा. उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात बाहेरच्यांना तुमचं ऐकू जात नाही हे खरं, पण थेरपिस्टलाही जात नाही. हेडफोन लावा, कूलर तेवढ्यापुरता बंद करा, किंवा सावलीत उभ्या गाडीत बसा. चालत्या गाडीत नको. तुम्ही त्या वेळी कुठे आहात आणि अडचणीत कोणाला फोन करायचा, हे थेरपिस्टला सुरुवातीलाच सांगून ठेवा.

थांबताना

कागदावरची ती चौथी ओळ बऱ्यापैकी खरी झाली की अंतर वाढवायचं. आठवड्याचं पंधरवड्यावर, मग महिन्यावर. शेवटचं सेशन टाळू नका. पुन्हा घसरण सुरू झाल्याची तुमची पहिली लक्षणं कोणती आणि तेव्हा काय करायचं, हे त्यात लिहून घ्यायचं असतं. नोकरीसाठी पुण्याला किंवा बेंगळुरूला निघाला असाल तर आधीच विचारा: ऑनलाइन पुढे चालू ठेवता येईल का, की तिथलं कोणी सुचवाल? नव्या थेरपिस्टसाठी एक पानाचा सारांश मागून घ्या. म्हणजे लहानपणापासूनची सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागणार नाही.